साक्षगंधाला काढलेला मास्क

पाडव्याच्या सुमारास सरकारनं मास्कची सक्ती उठवली, आणि सानगडीच्या बाजारात माझं एकटीचं तोंड बांधलेलं राहिलं.

सक्ती होती तेव्हा तरी आमच्याकडे कोण मोठं पाळत होतं म्हणा! मास्क तोंडावर कमी, हनुवटीवर जास्त. आमच्या घरात खुंटीला एकच निळा मास्क लटकलेला असायचा. तालुक्याला, साकोलीला जाणाऱ्यानं तो खिशात घालायचा, पोलीस दिसला की नाकावर चढवायचा, घरी आला की पुन्हा खुंटीला. सासरे, नवरा, मी, नणंद, सगळ्यांचं नाक त्या एका मास्कात जाऊन आलं होतं. आज आठवलं की हसू येतं, आणि लगेच अंगावर काटाही येतो.

आम्ही तलावावर जगणारी माणसं. नवरा मच्छीमार सोसायटीच्या तलावात जाळं टाकतो, मी बाजारात बसून मासोळ्या विकते. त्या थंडीत मला खोकला लागला तो सुटेच ना. संध्याकाळ झाली की अंग कणकणायचं, लुगड्याच्या निऱ्या रोज जरा आत खोचाव्या लागायच्या. घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कोरोनाची तपासणी केली, तर नाही निघाला. सासूनं देवापुढं साखर ठेवली आणि शेजारीपाजारी वाटली. आठ दिवसांनी थुंकीचा रिपोर्ट आला. टीबी.

सासूनं रिपोर्टचा कागद घडी करून कमरेला खोचला. म्हणाली, "यापरीस कोरोना असता तं बरं झालं असतं वो. चार लोकांत सांगता तं आलं असतं."

मला असा संताप आला की काय सांगू! पण ती खोटं बोलत नव्हती. कोरोना घरोघरी होऊन गेला होता, त्याची कुणाला लाज नव्हती. टीबी म्हटलं की लोक तुमचा पाण्याचा गिलास वेगळा ठेवतात आणि घरातल्या पोरीचं लग्न अडतं. आमच्या घरात पोरगी होती. मी लग्न होऊन आली तेव्हा माझी नणंद आठ वर्षांची होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिच्या उवा मी काढल्या, ती शहाणी झाली तेव्हा आईकडे न जाता आधी माझ्याकडे आली. साकोलीच्या एका मुलाशी तिचं जमत आलं होतं. मुलगा टायरच्या दुकानात कामाला, माणसं साधी, पोरीला पसंत. असं ठिकाण रोज चालून येत नाही.

डॉक्टरनं बजावलं, गोळ्या सहा महिने. पहिले दोन महिने, पुन्हा थुंकी तपासून साफ येईपर्यंत, तोंडावरचा मास्क हलवायचा नाही. झोपायचं वेगळं, मोकळ्या हवेत. मी ओसरीत खाट टाकली आणि स्वतःचा वेगळा मास्क घेतला. तोवर बाजारात थोडेफार लोक बांधून असायचे, त्यामुळे कुणाच्या नजरेत आलं नाही. मग पाडवा आला, लोकांनी मास्क चुलीत घातले, आणि मी उघडी पडली.

"काहून वो, अजून तोंड बांधून राहिली? सरकारनं सोडलं ना आता," शेजारी झिंगे विकणाऱ्या बाईनं विचारलं.

"वास सहन होत नाही," मी म्हटलं.

"अवो माय! मासोळी विकणारीले मासोळीचा वास!" ती इतक्या जोरात हसली की तीन दुकानं सोडून लोकांनी वळून पाहिलं. मीही हसली. दुसरं काय करणार? पण त्या दिवसापासून गिऱ्हाईक माझ्या टोपल्यापाशी थांबायचं, रोहूचा कल्ला उलटून लाल आहे का बघायचं, मग माझ्या तोंडाकडे बघायचं आणि पुढं सरकायचं. वर्षभरापूर्वी, दुसऱ्या लाटेच्या भीतीत, मास्क नाही म्हणून हाकलणारी हीच माणसं! आता मास्क आहे म्हणून घाबरत होती.

पाडव्यानंतर आठ-दहा दिवसांनी नणंदेचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं, आमच्याच घरी. आदल्या दिवशी सासू माझ्या खाटेपाशी आली. "उद्या ते तोंडाचं फडकं काढून ठेवजो," म्हणाली. "त्याईनं विचारलं तं काय सांगशीन?"

"डॉक्टरनं काय सांगतलं ते ठाऊक हाय ना तुमाले?"

"एका दिवसानं काय होते? झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीचं होऊ दे, मंग बांध ना वर्षभर."

मी तिच्याशी कडाकडा भांडली. म्हटलं, मी माहेरी जाते, नाहीतर दिवसभर तलावावर जाऊन बसते. तर म्हणे, सूनच घरात नाही म्हटल्यावर तर हजार प्रश्न. नवरा खाली मान घालून जाळ्याची फाटकी घरं विणत बसला होता. त्याच्याकडून काही येईल अशी आशा मी सोडली. नणंद दारात उभी होती. तिची नजर माझ्यावरून हलेना. आज मी सासूच्या नावानं बोटं मोडत नाही. मास्क कुणी ओढून काढला नाही. सकाळी मीच काढला.

आरशात पाहिलं तर दुसरीच पंचाईत. बाजारात उन्हात बसून कपाळ आणि डोळ्यांखालचा भाग काळा, आणि नाकापासून खाली उजळ. गालावर दोऱ्यांचे पट्टे. इतरांच्या तोंडावरचे ते पट्टे केव्हाच गेले होते, माझे ताजे होते. नणंदेनं स्वतःच्या डबीतली पावडर माझ्या तोंडाला चोळली.

पाहुणे आले, वीस-पंचवीस माणसं. बाहेर ऊन असं की मांडवात बसवेना, म्हणून बायकांना मधल्या खोलीत बसवलं, दारं-खिडक्या लावल्या, कूलर सुरू केला. मी सरबत फिरवत होती, जमेल तितकं तोंड वळवून, बोलणं टाळून. मुलाची आई माझ्याकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "तुमच्या तोंडावर हा पट्टा कायचा वो?"

मी ट्रे पुढच्या बाईकडे वळवला. नणंद, होणारी नवरी, खाली मान घालून बसायचं सोडून पटकन बोलली, "बाजारात दुपट्टा बांधते न जी वहिनी. उन्हानं."

"हो जी," मी म्हटलं. आमच्याकडे चैत्र-वैशाखात कोण दुपट्टा बांधत नाही? बाईला पटलं.

मुलाची मोठी बहीण, बाळंतपणापासून माहेरीच असलेली, पाच महिन्यांचं लेकरू घेऊन आली होती. ते गरमीनं किरकिर करत होतं. ओटीचं सामान मांडायला तिला उठायचं होतं. माझ्या हातात ट्रे नाही हे बघून तिनं लेकरू सरळ माझ्या छातीशी दिलं. "वहिनी, धरा जरा याले."

नाही म्हणायला मला एक क्षण मिळाला होता. तो मी घालवला. लेकरानं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि दोन मिनिटांत झोपलं. बायका म्हणाल्या, "पाहा, किती लवकर लळा लागला याले हिचा!" खाली ठेवलं की रडायचं, म्हणून मीच धरून बसली. तासभर. खोकला घशाशी आला की मी श्वास रोखायची, डोळ्यांतून पाणी यायचं, ते लोकांना आनंदाचं वाटायचं. झोपेत त्यानं आपला इवलासा हात उघडून माझ्या ओठांवर ठेवला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दारापलीकडे साखर वाटली गेली, अंगठी घातली गेली, माझ्या कानात काही शिरलं नाही.

साक्षगंध पार पडलं. पुढच्या महिन्यातली तारीख निघाली. सासू इतकी खूश की मला स्वतःच्या हातानं पुरणपोळी वाढली.

त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्याची आशाताई गोळ्यांची पाकिटं बघायला आली. जाता जाता तिनं विचारलं, "घरात लहान लेकरू नाही ना कोणी? संपर्कात आलं असन तं तपासावं लागते."

"घरात नाही," मी म्हटलं. मग राहवलं नाही. "लहान लेकराले लवकर होते का वो ताई?"

"लवकर होते. अन् झालं तं डोक्यापर्यंत चढते. तुमच्या गोळ्या सुरू झाल्या, धोका उतरला, तरी दोन महिने भरोसा नाही. वेळेवर कळलं तं लेकराले आधीच औषध देऊन टाकतात, मंग भेव नाही." तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "काहून विचारलं?"

"असंच."

पुढचे चार दिवस मी फोनकडे कान लावून होती. साकोलीचा फोन आला की वाटायचं, लेकराला ताप आला म्हणून सांगतील. पाचव्या दिवशी मी घरात सांगून टाकलं, मी त्या लेकराच्या आईला जाऊन खरं सांगते.

सासूनं कपाळ बडवलं. "सोन्यासारखं ठिकाण! स्वतःच्या हातानं आग लावून राहिली तू त्याले!" नणंद माझ्या खाटेवर येऊन बसली. मी वेगळी झोपायला लागल्यापासून ती माझ्या खाटेवर कधी बसली नव्हती. "वहिनी, वीस दिवस राहिले," ती म्हणाली. "लग्न होऊ दे. मंग मी सोता सांगतो तिले. तुह्या पाया पडतो."

ती खरंच वाकली. मी पाय मागे घेतले. मला तिचा राग आला नाही, स्वतःचाच आला, कारण हो म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. वीस दिवस! पाच महिन्यांच्या जिवाला वीस दिवस किती होतात हे मला ठाऊक नव्हतं, आणि कुणाला विचारायचीही सोय नव्हती.

सकाळी तलावावर जाताना नवऱ्यानं चप्पल घालता घालता, माझ्याकडे न बघता एवढंच म्हटलं, "जाऊन ये."

मी मास्क बांधून साकोलीच्या बसमध्ये बसली. भरल्या गाडीत माझ्या शेजारची जागा तेवढी रिकामी राहिली. एक म्हातारी बसली होती, ती माझ्याकडे बघून उठून उभी राहिली. मला चीड आली नाही. उलट वाटलं, त्या दिवशी त्या लेकराच्या आईनंही मला असंच टाळलं असतं तर!

मुलाची बहीण दारातच भेटली. हसून म्हणाली, "या न वहिनी, आत या! अन् हे काय बांधलं तोंडाले?"

"आत येत नाही मी, ताई," मी म्हटलं आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं सांगितलं. रिपोर्ट कधी आला, गोळ्या कधीपासून, त्या दिवशी मास्क का काढला. आशाताईनं सांगितलेलं औषधाचंही सांगितलं. तिचं हसू गेलं. तिनं एकच विचारलं, "किती वेळ होता तो तुमच्यापाशी?"

"तासभर."

ती आत गेली, पाळण्यातून लेकराला उचललं, कडेवर घेतलं आणि पायात चप्पल सरकवून दवाखान्याकडे निघाली. "मी येतो सोबत," मी म्हटलं. तिनं मागे वळून पाहिलं. "तुमच्या घरच्या लेकराले दिलं असतं का जी तुमी असं हातात घेऊ?" म्हणाली आणि गेली. दार उघडंच राहिलं होतं. मी कडी लावली आणि बसस्टँडवर आली.

तिसऱ्या दिवशी दोन फोन आले. पहिला माझ्यासाठी, लेकराच्या आईचा. लेकराचा एक्सरे साफ आहे, वजन ठीक आहे, डॉक्टरनं आधीच द्यायचं ते औषध सुरू केलं, एवढं सांगून तिनं ठेवला. दुसरा नवऱ्याला, मुलाच्या बापाचा. रोगाचं आम्ही समजून घेतलं असतं, तो म्हणाला, पण तुम्ही ठाऊक असून लेकरू हातात घेऊ दिलं. तुमची अंगठी परत पाठवतो.

सासूनं घर डोक्यावर घेतलं. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. मी ओसरीत खाटेवर बसून सगळं ऐकलं. नणंद अंगणात भांडी घासत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. थोड्या वेळानं ती उठली, राखेनं भरलेले हात तसेच घेऊन माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता मारते. मारलं असतं तरी मी हात धरला नसता.

"वहिनी," ती म्हणाली, "त्या लेकराचं काय निघालं?"

"साफ हाय. काही नाही झालं त्याले."

"बरं झालं," ती म्हणाली आणि जाऊन पुन्हा भांडी घासायला बसली. मी मात्र तिथेच बसून ढसाढसा रडली. रडता रडता मास्क भिजून नाकाला चिकटला, श्वास घेता येईना, तरी मी तो काढला नाही.