रावसाहेबाची सातवी निधनवार्ता

रावसाहेब गेल्याची बातमी आली तेव्हा मी हसलो. हे एक वाक्य लिहायला मला सात आठवडे लागले. पण इथून सुरुवात केली नाही, तर पुढचं सगळं खोटं होईल. राहुरीतल्या आमच्या शाळेत माझा मोकळा तास होता. सव्वातीनला फोन वाजला. आमच्या गेमच्या ग्रुपवर रावसाहेबाच्या नंबरवरून मेसेज होता : ‘रावसाहेब गेले. आज दुपारी दोनला. अंत्यविधी सहा वाजता, अमरधाम, शेवगाव.’ मी क्षणभरही विचार न करता लिहिलं, ‘मागच्या खेपेचं तेराव्याचं जेवण अजून राहिलंय. ते घातल्याशिवाय मरायचं नाही.’ खाली हसणारे चार चेहरे टाकले आणि वह्या तपासायला घेतल्या.

आता हा काय प्रकार, ते सांगायला हवं. व्हिडिओ गेम म्हटलं की लोकांना पोरंटोरं आठवतात. आमच्या ग्रुपवर आम्ही आठजण, आणि सगळे चाळिशी ओलांडलेले. कुणी मास्तर, कुणी मेडिकलवाला, आणि रावसाहेब पाणबुडी मोटारींचं रिवायंडिंग करणारा, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी भरणारा. नगरला आयटीआयच्या दिवसांत स्टँडजवळच्या एका सायबर कॅफेत आम्ही पहिल्यांदा तो डावपेचांचा गेम खेळलो. गावं वसवायची, नद्या अडवायच्या, फौजा पोसायच्या, शेजारच्या राजाशी तह करायचा की त्याच्यावर चाल करून जायचं ते ठरवायचं. मी घाईनं चाल करून जायचो आणि दर वेळी उपाशी फौज घेऊन परत यायचो. रावसाहेब आधी धान्याची कोठारं बांधायचा. ‘सल्या, पोटात न्हाई तर लढाई कशाची?’ म्हणायचा. एवढंच तत्त्व घेऊन तो मला पंचवीस वर्षं हरवत आला. माझं नाव सलीम, पण त्याच्या तोंडून ते मी क्वचितच ऐकलं.

त्या गेमचा तिसरा भाग येणार, असं चार वर्षांपूर्वी जाहीर झालं आणि आमची अक्कल गहाण पडली. दीड मिनिटाची झलक आली, ती आम्ही थांबवून थांबवून दीड महिना बघितली. मागच्या डोंगरावर धूर दिसतो म्हणजे लोखंडाची भट्टी असणार, की नुसताच वणवा, यावर पुणतांब्याच्या मेडिकलवाल्या अरुणशी माझं भांडण होऊन आम्ही आठ दिवस बोललो नाही. रावसाहेबाला त्यात एक पाट दिसला होता. पाटाला दारं होती. मग त्यानं ग्रुपवर भलंमोठं लिहिलं, की दारं आहेत म्हणजे वरच्या गावानं खालच्या गावाचं पाणी अडवायची सोय आहे, आणि तसं असेल तर या खेपेला लढाया जमिनीसाठी नाही, आवर्तनासाठी, म्हणजे पाण्याच्या पाळीसाठी होतील. मुळा धरणाच्या पाटावर ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना यात नवल वाटू नये, पण आम्हाला त्या दिवशी गगन ठेंगणं झालं. बायका हसायच्या. आमची सलमा तर म्हणायची, पोरीच्या निकालाची तुम्ही इतकी वाट बघितली नव्हती... आणि ते खरंच होतं.

आणि तारीख दर वेळी पुढं जायची. कंपनी माफी मागायची, आम्ही शिव्या द्यायचो. पहिल्यांदा तारीख ढकलली तेव्हा रावसाहेबानं ग्रुपवर स्वतःची निधनवार्ता टाकली. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की, शेवगावचे रावसाहेब यांचे तारीख लांबल्याच्या धक्क्याने राहत्या दुकानी निधन झाले. सावडण्याचा विधी नवी तारीख आल्यावर.’ आम्ही हसून हसून बेजार. मग तो रिवाजच पडला. तारीख पुढं गेली की आम्ही त्याच्या मरणाची वाट बघायचो, आणि सगळ्यात खवचट श्रद्धांजली कोण वाहतो याची चढाओढ लागायची. गोवऱ्या कुणी आणायच्या, खांदा कुणी द्यायचा, सगळं ठरलेलं. असा तो सहा वेळा मेला.

त्या दिवशी सकाळी कंपनीनं तारीख पुन्हा सहा आठवडे ढकलली होती. आता सांगा, दुपारी त्याच्या नंबरवरून आलेल्या त्या मेसेजचं मी काय समजायचं होतं? थोडा रुक्ष वाटला, एवढं मनात आलं होतं. रावसाहेबाला घाई असेल, म्हटलं. माझ्या मागोमाग बाकीच्यांनीही हात धुऊन घेतले. चारच्या सुमारास अरुणचा फोन आला. त्यानंही आधी काहीतरी वात्रट लिहिलं होतं, मग न राहवून रावसाहेबाला छेडायला फोन लावला होता.

‘‘सलीम, वहिनींनी उचलला फोन,’’ तो म्हणाला. ‘‘खरंय ते. दुकानात मोटार भरता भरता छातीत कळ आली... डॉक्टर येईस्तोवर संपलं. मेसेज वहिनींनीच टाकला होता.’’

मी पहिलं काय केलं असेल तर ते उत्तर पुसलं. पुसल्यावर तिथं ‘हा मेसेज डिलीट केला’ अशी ओळ उरली. चोरी पकडली गेल्यावर टोपी पुढं ओढून काय होतं? मग मोटारसायकल काढली. घोडेगावच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, दोन-दोन ट्रॉल्यांची. अमरधामला पोचलो तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि अग्नी दिलेला होता. हसण्यात घालवलेली पाऊण घंटा हातात असती, तर मला त्याचं तोंड बघायला मिळालं असतं. हा हिशोब मी रोज करतो आणि तो रोज तेवढाच येतो. मंगलवहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, न भेटताच मी परत फिरलो. तेराव्यालाही गेलो नाही. कुठल्या तोंडानं त्या पंगतीला बसणार होतो?

ग्रुप त्या दिवसापासून मुका झाला. सहा आठवड्यांनी गेम खरोखरच आला. जगभर लोकांनी सुट्ट्या काढल्या म्हणे. आमच्याकडं कुणी एक अक्षर लिहिलं नाही. मी तो अजून उघडलेला नाही.

गेल्या रविवारी वहिनींचा फोन आला. ‘‘भावजी, शेवगावला येऊन जा,’’ एवढंच म्हणाल्या. मी गेलो. पुढं दुकान, मागं घर. वहिनी दुकानातच बसल्या होत्या, कामाच्या टेबलाशेजारच्या लोखंडी स्टुलावर. टेबलावर अर्धी भरलेली मोटार तशीच होती, आणि रावसाहेबाचा फोन चार्जिंगला लावलेला. त्यांनी पाणी दिलं. मी माफीची चार वाक्यं रस्ताभर जुळवत आलो होतो, त्यातलं पहिलं म्हणायला घेतलं.

‘‘वहिनी, त्या दिवशी मी जे लिहिलं...’’

‘‘वाचलं मी. तुमी पुसायच्या आदीच वाचलं.’’ त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. ‘‘ह्यांचे हात कायम तारंत. फोन कसा धरनार? तुमचे सगळे मेसेज मीच वाचून दाखवायची, हितं बसून. चार वर्सं. त्या दिवशी ह्यांना घरात आनून ठिवलं हुतं. मी समद्यांना कळवलं अन् लगेच तुमचं उत्तर आलं. सवयीनं मोठ्यानं वाचलं. बाया म्हनल्या, हिला भरम झाला. वाचलं अन् ह्यांच्या तोंडाकडं बघत बसले, आता हसतील म्हनून...’’

बाहेरून एक टेम्पो गेला.

‘‘न्हाई हसले. तवा मला कळलं भावजी. डाक्टर सांगून गेल्ता, पन तवा कळलं.’’

मी ढसाढसा रडलो. पंचेचाळिशीला टेकलेल्या मास्तरानं रडावं तितकं, आणि त्याहून जास्त. त्यांनी रडू दिलं.

मग म्हणाल्या, ‘‘गेम आला ना? पेपरात बघितलं मी. रोज सकाळी फोन घिऊन हितं बसते. कुनीच काही लिहित न्हाई. तुमी का गप बसलात समदे?’’

तिथंच बसून मी ग्रुपवर लिहिलं, ‘रावसाहेबाच्या दुकानात आहे. वहिनी त्याला मेसेज वाचून दाखवतात. लिहा.’ पाच मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला. वहिनींनी चष्मा लावला, स्टूल मोटारीकडं थोडं सरकवलं आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. अरुणनं लिहिलं होतं, की पहिल्याच डावात त्याची फौज उपाशी मेली.