पाड्याच्या विहिरीचा शब्द

तारापूरच्या बाजूला समुद्राकाठच्या एका गावात मी सून म्हणून आले, त्याच्या पुढच्याच वर्षी तिथे ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. निवडणूक कसली, नुसता शिमगा. खाडीला भरती होती म्हणून वारली पाड्यावरची मतपेटी उशिरा पोचली, तर बागायतदारांनी ओरड केली, वाटेत मतं कोंबली म्हणून. तक्रार पालघरपर्यंत गेली. निकाल कायम राहिला, आणि आपला सरपंच करायला बागायतदारांना एक हात कमीच पडत होता.

उरलो आम्ही मासेमारी करणारे मांगेले, मुसलमान मोहल्ल्यातले एक चाचा आणि पाड्यावरून निवडून आलेला एक वारली. आमच्या सभासदांचे म्होरके माझे सासरे. त्यांनीच पुढाकार घेतला. एरवी बाजारापलीकडे एकमेकांना न ओळखणारी ही माणसं चाचांच्या ओटीवर एका चटईवर बसली. ठरलं असं, की सरपंच वारली होईल आणि पंचायतीचं पहिलं काम म्हणजे पाड्यावर विहीर. पाड्यावरच्या बाया पाण्याला खाली बागायतदारांच्या विहिरीवर यायच्या. रहाटाला हात लावायचा नाही. वाडीतलं कुणी वरून हंड्यात ओतेपर्यंत बाजूला उभं राहायचं. मासळीची पाटी घेऊन जाता-येता मी ते बघायची आणि माझं डोकं फिरायचं.

सासऱ्यांनी चाचा आणि त्या वारल्यादेखत समुद्रात नारळ सोडला, शब्द दिला. आणि इथेच घोडं पेंड खात होतं. आमच्यात एकट्याचा शब्द म्हणजे शब्द नव्हे. जातीचे पंच बसतात, ते बोलतील ते सगळी आळी करते. जो करणार नाही त्याची होडी ओढायला कुणी हात लावत नाही, त्याच्या मुलीच्या लग्नाला कुणी जात नाही. वारल्याला आणि चाचांना हे कुठून माहीत असणार? सासऱ्यांना माहीत होतं. पण आधी सरपंच बसवू, मग पंचांना सांगू, असा त्यांचा हिशेब.

बागायतदार आमच्याच शेजारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. ते सासऱ्यांकडे फिरकलेच नाहीत, सरळ पंचांकडे गेले. आमचे बोंबील त्यांच्या वाडीपुढच्या मोकळ्या जागेत बांबूंवर वाळायचे. यंदा तिथे कुंपण घालायचं म्हणतोय, एवढंच त्यांनी सांगितलं. पंचांनी सासऱ्यांना बोलावलं. परत आले ते न जेवता बसून राहिले. सुनेनं विचारू नये, पण मी विचारलं, आता पाड्याचं काय?

"जागाच नाय तर मासली काय डोक्यावर वालवू?" ते म्हणाले.

मला त्यांची कीव आली नाही. राग आला, अजून येतो.

सभेत वारल्याच्या नावाला दोनच हात वर झाले, चाचांचा आणि त्याचा स्वतःचा. बागायतदाराच्या नावाला आमचे सगळे. वारली उठून गेला. चाचांनी मात्र सासऱ्यांना दारातच गाठलं. म्हणाले, आधी सांगितलं असतंस तर आम्ही दोघं तुझ्या पंचांपुढे येऊन बसलो असतो. सासऱ्यांना हे सुचलंच नव्हतं. आपल्या पंचांपुढे वारली आणि मुसलमान येऊन बसू शकतात, हे एका चटईवर बसूनही त्यांच्या मनात आलं नाही.

आठवडाभरानं मी पाटी घेऊन पाड्यावर गेले. शिव्या खायची तयारी ठेवूनच गेले होते. पण बायांनी नेहमीसारखे बोंबील घेतले, नेहमीसारखं भात मापून दिलं. चढ चढून घसा कोरडा पडला होता, पण पाणी मागायची हिंमत होईना. त्या वारल्याच्या बायकोनं न मागताच तांब्या आणून पुढे धरला. नको म्हटलं.

"पी," ती म्हणाली. "आमाला लांबून आनायची सवय हाय."

मी प्यायले. पुन्हा नको म्हणायला आमच्या घरातल्या कुणालाच तोंड उरलं नव्हतं.