दोन पुरुष पाण्याखालचं घर

आमचं जुनं गाव धरणात गेलं तेव्हा माझे चुलते शाळकरी होते. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी पाणी इतकं उतरलं, की गावावर जेमतेम दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकं, पाणी उरलं. मासे संपले. मच्छीमार सोसायटीच्या चेअरमननं मग समुद्राकडचा एक गाईड आणला, हवेच्या टाक्या आणल्या आणि काठावर बोर्ड लावला: बुडालेलं गाव बघा, पाण्यात उतरून. खाली बारीक अक्षरात: ज्याची त्याची जबाबदारी.

मी तेव्हा टँकरच्या पाण्यावरून पत्रकं वाटत गावोगाव फिरायचे. असली वाक्यं मला नवी नव्हती. ती लिहिणारा नेहमी काठावर असतो.

चुलत्यांना आपल्या घराचा उंबरठा बघायचा होता, बस्स. पोहायला ते विहिरीत शिकलेले. कुणाच्या विहिरीत मोटारीचा पाइप गाळानं चोंदला की त्यांनाच बोलावणं यायचं. दम धरण्यात त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं.

मी गाईडला म्हणाले, "खाली काही बिघडलं तर काय करायचं, ते आधी नीट सांगा सगळ्यांना."

"ताई, मी सोबत आहे ना."

"तुम्ही एक. उतरणारे चार."

"पत्रक नंतर काढा, ताई," चेअरमन म्हणाले. "आधी लोकांला उतरू तर द्या."

काठावरचे हसले. चुलतेही हसले.

गाईडनं नळी तोंडात धरायला शिकवली, वर यायची खूण शिकवली आणि सरावासाठी चौघांना छातीभर पाण्यात गुडघ्यांवर बसवलं. तिघांच्या डोक्यांवर बुडबुडे येत होते. चुलत्यांच्या डोक्यावर पाणी सपाट.

"बघ बे, काका आजून दम धरून हायत," मागून कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

नळीतून हवा घेतल्यावर दम धरायचा नसतो, वर येताना छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं, एवढं मी आदल्या दिवशी मोबाईलवर वाचलं होतं. अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरले आणि गाईडचा दंड धरून चुलत्यांकडे बोट केलं. त्याचा चेहरा उतरला. तो खाली वाकला, हातानं त्यांना श्वास सोडायला लावला. बुडबुडे आले. मग सावकाश वर आणलं.

"कावून दम धरला काका?" मघाच्याच माणसानं काठावरून विचारलं.

"टाकीतली हवा राखीत होतो. घरापर्यंत पुराय नको का? इथंच संपली तर?"

कुणी हसलं नाही. त्या वर्षी आमच्याकडे डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं पाणी म्हशीला जायचं. चुलत्यांनी टाकीही तशीच वापरली होती.

"मी सांगायला हवं होतं," गाईड म्हणाला. "पण इतका वेळ कोणी रोखत नाही हो."

"हा माणूस पोहायला कुठं शिकला, हे विचारलंत तुम्ही?" मी म्हणाले.

"बोर्ड वाचूनच आलेत सगळे," चेअरमन मध्ये पडले.

मी त्यांच्याकडे वळले, तर चुलत्यांनी मला थांबवलं. "गप, पोरी. त्यानं सांगितलं न्हाई, म्या इचारलं न्हाई. आता इचारतो." आणि गाईडला म्हणाले, "तू आमच्या गल्लीत गेलतास का?"

गाईडनं चेअरमनकडे पाहिलं. मग खरं तेच बोलला. "काल एकदा उतरलो होतो. हातभर पुढचं दिसत नाही. भिंती लागतात हाताला. कुणाच्या, ते मला काय कळणार?"

"मंग मला नेणार कुठं?"

"जमेल तिथवर."

चुलत्यांनी बुडी मारायला कमरेला बांधलेला वजनाचा पट्टा स्वतःच्या हातानं सोडला.

"काका, पाणी इतकं खाली पुन्हा कधी यायचं?" चेअरमन म्हणाले.

"आणखी आटलं तर चालत जाईन. आन न्हाई आटलं तर लई बरं."

उरलेल्या तिघांतला एकच जण पुढे खोल पाण्यात गेला. चुलते ओल्या कपड्यांनी काठावर उभे राहिले, त्याचे बुडबुडे बघत, तो वर येईपर्यंत.