हायफनचा ठोका

आमच्या कोरेगावाकडचा शहाजी भोइटे तुर्भ्याला इंग्रजी पुस्तकांची प्रूफं तपासायचा. इंग्रजी घेऊन बी.ए., वर बी.एड. केलेला गडी. पण गावाकडं मास्तरकी मिळेना, म्हणून ब्याण्णव साली शिरवण्यात खोली केली आणि चिकटला. गोदामावरचा माळा, खाली मसाल्याची पोती, वर विलायतेतल्या डॉक्टरांची पुस्तकं छपाईसाठी जुळवणारी पंधरा माणसं. दिवसभर शिंकत शिंकत इंग्रजी वाचायचं.

काम जोडीनं चालायचं. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं प्रूफावर नजर ठेवायची. दोन शब्दांना जोडणारी बारकी आडवी रेघ, म्हणजे हायफन, आली की वाचणाऱ्यानं टेबलावर पेन्सिल ठोकायची. टक्.

आता ही रेघ कुठं द्यायची आणि कुठं नाही, यावरनं विलायतेचे साहेब पानंच्या पानं परत धाडायचे. शहाजीनं ते सगळं डोक्यात भरून घेतलं आणि वहीत मात्र एक ओळ लिहिली नाही. म्हणायचा, "डोक्यात हाय तवर कोण काढतंय मला?"

काढलं नाहीच कुणी. सोडलंबी नाही.

लागताना मालक श्यामसुंदरसाहेबांनी त्याची मूळ सर्टिफिकिटं ठेवून घेतली होती. करार दोन वर्षांचा. तो सरून दोन वर्षं झाली, तरी कागद साहेबांच्या लोखंडी कपाटातच. मागायला गेला की साहेब चहा मागवायचे.

शहाण्णवच्या मे महिन्यात गावाकडनं हेडमास्तर सिताराम पवारांचं पत्र आलं. शाळेत इंग्रजीची जागा निघाली होती. पंधरा जूनला मूळ कागदांसकट हजर व्हायचं, नाहीतर दुसरा उमेदवार तयार होता. आई वेणूबाईनं तर पोरगं मास्तर होऊन येतंय म्हणून आळीभर सांगूनबी टाकलं. नव्यानं कागद काढायचे तर चार-सहा महिने गेले असते.

साहेब म्हणाले, "टेन्शन कशाला घेतोस? तुझ्या जागी कोणाला तरी तयार कर. नंदिनी आहे ना? मी टेस्ट घेतो. पास झाली की त्याच मिनिटाला कागद ने."

नंदिनी नेरूळहून यायची, शहाजीच्या जोडीला मूळ कागद वाचायची. पोरगी मूळची कोकणातली, हुशार, तोंडानं फटकळ. शहाजीनं पंधरा दिवस तिला शिकवलं, आमच्या रानातल्या भाषेत.

"हे बघ, वेल-नोन डॉक्टर. डॉक्टर म्हंजी गाडी, ती म्होरं उभी हाय. मग 'वेल' आन् 'नोन' ही दोन बैलं जुपायची. मधी रेघ दे."

"आणि 'द डॉक्टर इज वेल नोन' असेल तर?"

"गाडी मागं ऱ्हायली की! मग बैलं सोडून दे. रेघ न्हाय."

"आणि 'न्यूली बिल्ट हॉस्पिटल'?"

"शेपटाला 'ली' असलं की त्यो मोकळा चालतो. त्याच्या मानंवर जू टाकायचं न्हाय."

"दादा, ऑफिसात आलोय की बैलबाजारात?" असं म्हणत हसायची, पण विसरायची काही नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी रेघा काढलेल्या चाळीस पानांत एक ठोका चुकला नाही. तेव्हा मात्र तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "दादा, तुमचे कागद आत जाऊन किती वर्षं झाली?"

"चार."

"सरांनी माझे पण उद्या आणायला सांगितलेत."

शहाजी म्हणाला, "बरं," आणि पुढचं पान ओढलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनीत परीक्षा. सगळ्या रेघा काढून टाकलेलं पान नंदिनीच्या हातात. वाचत जायचं आणि जिथं रेघ हवी तिथं ठोकायचं. शहाजीनं तपासलेलं पान साहेबांसमोर. तिच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाईल, त्यावर डावा हात दाबून धरलेला.

"लाँग टर्म ट्रीटमेंट." टक्. बरोबर.

"वेल नोन सर्जन." ठोका नाही.

शहाजीनं मान वर केली. ती पानातच बघत होती.

"न्यूली बिल्ट हॉस्पिटल." टक्! तेबी चांगलं जोरात.

पुढं निम्मं पान तसंच गेलं. साहेबांनी पेन मिटलं. "काय शहाजी? हे शिकवलंस?"

शहाजीच्या ओठावर आलं होतं, की साहेब, काल हिचं एक चुकलं नव्हतं, ही मुद्दाम करतीया. एवढं बोलला असता तर संध्याकाळच्या एस.टी.त बसला असता. त्यानं तिच्या मांडीवरल्या फाईलकडं बघितलं. बोटं पांढरी पडली होती.

"न्हाय जमत तिला, साहेब," तो म्हणाला.

"मग तूच बघ. तिचे कागद राहू देत तिच्याकडेच, तिला वाचायलाच ठेवू. तुझ्याशिवाय चालत नाही रे." साहेबांनी चहा मागवला. शहाजीनं तो प्याला.

दोघं टेबलावर परत आली. पुढचं प्रूफ पडलंच होतं. नंदिनीनं फाईल पिशवीत कोंबली, चेन लावली आणि घसा साफ करून वाचायला लागली. एक पान झालं, दुसरं झालं. मूळ कागदावर डॉक्टरानं रेघा धड दिल्याच नव्हत्या, तरी जिथं हवा तिथं ठोका, नको तिथं नाही. पेन्सिल टणाटणा वाजत होती.

शहाजी प्रूफावरची नजर न काढता म्हणाला, "जरा हळू ठोक गं. आत ऐकू जाईल."