लाल पट्टीचं रॅक

फाइल रॅकवर ठेवली की ती तिथेच राहते, पण तिच्यातला किस्सा राहत नाही. तो माझ्याबरोबर सिटी बसने घरी येतो, हिच्या हातचा चहा पितो आणि सकाळी नवा सोबती आणायला पुन्हा माझ्याबरोबर निघतो. नाशिकच्या एका दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये माझी बावीस वर्षं गेली. शाळा चौथीपर्यंत. काम फाइली आणायचं आणि नेऊन ठेवायचं. बोलायला मी मुळातच हळू. सगळे मला नाना म्हणतात.

आमच्या खोलीत दोनच माणसं, मी आणि शुभांगीताई. ताई कोडिंग करतात. म्हणजे घरी गेलेल्या पेशंटची फाइल वाचायची आणि त्याच्या आजाराला नंबर द्यायचा. पोटाच्या फाइली आमच्याकडे जास्त, म्हणून ते नंबर मलाही पाठ झाले. के पंचवीस म्हणजे जठरातला अल्सर. के सव्वीस म्हणजे जठराच्या पुढच्या आतड्यातला. पॉइंटनंतर चार आला की त्यातून रक्त गेलेलं. आणि के ब्याण्णव पॉइंट दोन म्हणजे रक्त गेलं, पण कुठून गेलं ते फाइलीत नाही.

सुरुवातीला मी एकदा म्हटलं, "ताई, ह्या आजोबांचा अल्सर जठरात आहे. ते स्वतः मला सांगून गेले. लिहून टाका की."

"नाना, डॉक्टरांनी लिहिलं नाही म्हणजे झालं नाही. आपला नियम आहे."

घरी जाऊन हिला तो नियम सांगितला. ती म्हणाली, "मग तुम्हाला भूक लागलीय का, ते डॉक्टरांकडून लिहून आणा. तोवर ताट वाढत नाही."

*

जागा न लिहिलेल्या फाइलींना ताई लाल पट्टी लावून वेगळ्या रॅकवर ठेवायच्या. एक दिवस मॅनेजर साहेब आले आणि त्यांनी त्या रॅकवर बोट फिरवत फाइली मोजल्या. एक्केचाळीस.

"मॅडम, एका कंपनीशी बोलणं चाललंय. फाइली स्कॅन करून पाठवायच्या, कोडिंग ते करतील. महिनाअखेर हे रॅक रिकामं दिसलं, तर काम तुमच्याकडे. नाही तर तुम्ही एक तारखेपासून चौकशी खिडकीत."

ताई डबा खात होत्या. त्यांनी अर्धी पोळी तशीच ठेवून झाकण लावलं. अठरा वर्षं हेच काम केलेली बाई. वॉर्डातल्या डॉक्टरांचं अक्षर त्यांच्या आयांना वाचता येणार नाही, ते ताईंना येतं.

साहेब गेल्यावर म्हणाल्या, "नाना, मी प्रत्येक डॉक्टरला चिठ्ठी लिहिते, रक्त कुठून गेलं ते विचारते. पोचवाल?"

म्हटलं, "पोचवतो. आणि उत्तरही आणतो."

*

मला वाद घालता येत नाही. पण उभं राहता येतं.

डॉक्टर म्हणायचे, "नाना, ठेवून जा टेबलावर."

"टेबलावर हरवते, साहेब."

मग मी उभा. कुणी खुर्ची दिली तरी बसायचं नाही. बसलेल्या माणसाला लोक विसरतात, उभ्याला विसरता येत नाही. चार दिवसांत तरुण डॉक्टर मला बघितल्या बघितल्या खिशातून पेन काढायला लागले. एक डॉक्टर मात्र लांबून मला पाहून पडद्यामागे गेले. मी वॉर्डाच्या मधोमध थांबलो. पलंगावर चांदवडच्या एक आजीबाई होत्या, नाकात नळी. त्यांनी नळी सांभाळत हात वर केला.

"ओ बाबा, डॉक्टर इकडं हायेत. पडद्यामागं. पाय दिसून ऱ्हायलेत."

त्या एका पडद्यामागून सहा फाइली सुटल्या.

*

वणीच्या एका बाईंच्या फाइलीत दुर्बिणीचा कागदच नव्हता. आमच्याकडे पोटात दुर्बीण घातली की रंगीत फोटोसकट एकच कागद निघतो, आणि मशीनची मेमरी भरली की जुनं पुसलं जातं. मी त्यांना फोन लावला.

"कागद? तो फोटोवाला? तो देवाजवळ हाय."

"पाठवता का?"

"नाय बा. माझ्या पोटाचा हाय तो."

सुट्टीच्या दिवशी एसटीने वणी गाठली. देवघरात देवीची तसबीर, शेजारी फ्रेम करून तो कागद, आणि अल्सरच्या फोटोला कुंकू लावलेलं. बाई म्हणाल्या, "डॉक्टरनी दाखवलं, हिथून रगत जात व्हतं, आता बंद झालं. मंग त्याला नमस्कार नको का करायला?"

मला हसू आलं नाही. मीही नमस्कार केला. त्यांनी भाकरी खाऊ घातली, फ्रेम माझ्यासोबत झेरॉक्सच्या दुकानापर्यंत स्वतः धरून आणली आणि स्वतःच परत नेली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी झेरॉक्स उजेडात धरली. "नाना, हा मोठा काळा डाग म्हणजे अल्सर का?"

"नाही ताई, ते कुंकू. अल्सर त्याच्या डाव्या हाताला. खाली डॉक्टरांनी लिहिलंय बघा."

के पंचवीस पॉइंट चार. लाल पट्टी सुटली.

*

लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी. काळी शी होते म्हणून दाखल झालेले. फाइलीत लिहिलेलं, पोटात रक्तस्राव. ताईंनी सगळे रिपोर्ट पाहिले. रक्त कुठे कमी झालेलं नाही, दुर्बिणीत काही नाही. मग औषधांचा जुना कागद पाहिला, तर दाखल व्हायच्या आधीपासून लोहाच्या गोळ्या चालू. त्या गोळ्यांनीही शी काळी होते. ताईंनी चिठ्ठीत तेवढंच विचारलं. डॉक्टरांनी चिठ्ठी दोनदा वाचली, कपाळाला हात लावला आणि रक्तस्राव खोडून सही केली.

डॉक्टरांनी त्या व्यापाऱ्यांना फोनवर कळवलंसुद्धा. अर्ध्या तासात त्यांचा आमच्याकडे फोन.

"नाना, रक्त गेलंच नव्हतं ना? मग ते सही-शिक्क्यानं लिहून द्या."

"कशाला, शेठ?"

"बायकोनी दीड महिना घरात मिरची आणू दिली नाय. माझ्या तोंडावर इश्वास नाय तिचा."

तेव्हा मला कळलं, ताईंचा नियम त्यांच्या घरीही आहे.

*

असं करत शेवटच्या दिवशी सकाळी रॅकवर एकच फाइल उरली. मोठ्या सरांची.

मोठे सर म्हणजे आमचे पोटाचे सर्जन. आजवर कुठल्याही चिठ्ठीला उत्तर न दिलेले. आणि ही फाइल त्यांच्या पेशंटची नव्हती, त्यांची स्वतःची होती. महिन्यापूर्वी ओपीडीतच त्यांना रक्ताची उलटी झाली होती. दोन दिवस दाखल राहिले, आणि उपचार करणारे डॉक्टर म्हणून स्वतःचंच नाव घातलं. दुर्बीण काही घालून घेतली नाही. हजारो लोकांना घालून घ्या म्हणणारा माणूस.

मी चिठ्ठी घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेलो.

"आता माझ्याही मागे लागलात? काय हवं ते लिहा म्हणावं मॅडमना."

"ताई तसं लिहीत नाहीत, सर."

"मग उभे राहा."

मी राहिलो. तीन पेशंट आले, गेले. माझे गुडघे बोलायला लागले. चौथा आत यायच्या आधी सरांनी पेन खाली ठेवलं.

"दुर्बीण घातल्याशिवाय मी तरी काय लिहू?"

"मागच्या वर्षी माझ्या पोटात घातली होती, सर. तुम्हीच मला म्हणालात, नाना, तीन मिनिटांचं काम."

"हो ना?"

"पाच लागली."

सर हसले. मग हसू गेलं. खिडकीकडे बघत म्हणाले, "भीती वाटली होती?"

"खूप."

"मग काय केलंत?"

"सिस्टरनी हात धरला होता."

त्यांनी टेबलावरचं पेन उचलून खिशाला लावलं. म्हणाले, "त्या सिस्टर आज रजेवर आहेत."

"मी आहे ना, सर."

दुपारी दुर्बिणीच्या खोलीत सर कुशीवर झोपले. घशात बधिर करायचा फवारा मारला. एवढा मोठा सर्जन, पण हात गार पडलेला. तो मी माझ्या दोन्ही हातांत धरला, चिठ्ठी दातांत. "गिळा, सर. नुसतं गिळा. झालं, झालं," असं दातांतूनच हळूहळू म्हणत राहिलो. हळू बोलायची सवय त्या दिवशी कामी आली. दुर्बिणीच्या डॉक्टरांनी पडद्यावर जागा दाखवली. जखम भरत आली होती. साधी, औषधाने बरी होणारी.

अर्धा तास बोलायचं नाही असं त्यांना बजावलं होतं. सर उठून बसले, माझ्या तोंडातली चिठ्ठी काढून घेतली, गुडघ्यावर ठेवून लिहिली, घडी घातली आणि परत दिली.

रेकॉर्ड रूममध्ये आलो तर मॅनेजर साहेब रॅकपाशी उभेच. ताईंनी घडी उघडली.

"के सव्वीस पॉइंट चार," त्या म्हणाल्या. फाइलीची लाल पट्टी काढली, फाइल माझ्या हातात दिली, मी ती मोठ्या रॅकवर तिच्या जागी लावली. साहेबांनी रिकाम्या रॅकवरून बोट फिरवलं. बोटाला नुसती धूळ लागली.

"कंपनीला नको म्हणून कळवतो," एवढं बोलून ते गेले.

ताई अजून चिठ्ठीच बघत होत्या. "नाना, खाली मराठीत एक ओळ आहे. ती माझ्यासाठी नाही."

मी चष्मा लावला. सरांचं अक्षर, पण माझ्यासाठी एकेक अक्षर सुटं करून काढलेलं. मला ताईंच्या मदतीशिवाय वाचता आलं.

'नाना, आता बसा.'