खंदारीवरचा कावळा

बाबा गेल्यानंतरचा पहिलाच पितृपक्ष, त्यात त्यांची तिथी, आणि आमच्या कॉलनीत एक कावळा सापडेना. त्याने घास घेतल्याशिवाय आई अन्नाला शिवणार नव्हती. गच्चीवर वाढलेलं पान तसंच, तिची शुगरची गोळी तशीच, आणि दीड वाजून गेलेला. काळजी वाटायला लागली की मी चिडचिड करते. शेवटी वडे-खिरीचा डबा घेतला, आईला स्कूटरवर बसवलं आणि थेट डुमन्याचं राखीव जंगल गाठलं. तिथल्या खंदारी तलावावर पाखरांना तोटा नाही.

फाटकावर चौकीदाराने डबा अडवला. "दीदी, आप लोग जाइए, खाना यहीं रहेगा. अंदर पंछियों को खिलाना मना है."

मी आधी तिथी समजावली, मग आवाज चढवला. तो हात जोडून उभा होता, पण डबा काही सोडेना.

"काहून भांडून राहिली त्याच्याशी?" आई म्हणाली. "चल, पाहून तर येऊ."

तलाव दिसला आणि माझं भांडण कुठल्या कुठे गेलं. पावसाळा सरत आलेला, पाणी काठोकाठ, पलीकडे गर्द झाडी. पाण्यात बुडालेल्या फांद्यांवर बगळेच बगळे. टिबुकल्या बुडी मारायच्या आणि भलतीकडेच वर यायच्या. खंड्या एकदा असा निळाशार चमकून गेला की मी बोलायचंच विसरले. शहराच्या इतक्या जवळ हे सगळं शाबूत आहे, याचं फार कौतुक वाटलं. चौकीदाराचंही वाटलं, जरा नाइलाजानेच.

तेवढ्यात काठच्या चिखलात कावळा उतरला. आईने माझा हात घट्ट धरला. त्याने चिखलातून एक खेकडा ओढून काढला, सावकाश खाल्ला आणि दगडावर चोच पुसली. आमच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. आमचा डबा फाटकावर, आणि आई सकाळपासून उपाशी. मला रडूच यायला लागलं.

आई मात्र हसत होती. "तुझे बाबा असेच. मी रांधून वाट पाहत बसायची, अन् हे सदर बाजारातून मुगाचे गरम मंगोडे खाऊन यायचे."

पदराने डोळे पुसून ती फाटकाकडे वळली. "पोट भरलं न त्यांचं? चल आता, मले भूक लागून राहिली."