हिरवा दिवा विझेपर्यंत

बहिणीचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत घालत होतो. "दाजी गेले रे," ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि हुज्जत पुरी केली. सौदाही झाला. मग शटर ओढलं... काहीच वाटत नव्हतं. काही आठवडे झाले, अजून तसंच आहे.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. सोलापुरात जुन्या लॅपटॉपचं दुकान मी एकट्याच्या हिमतीवर उभं केलं; मागच्या खोलीत दाजी दुरुस्तीला बसत. आवाज मोठा, थट्टा त्याहून मोठी. अ‍ॅडॅप्टर उघडला की मला हाक मारायचेच. "भिंतीतली वीज सारखी पुढं-मागं पळती. ह्यो डबा आधी तिला एका दिशेनं चालवतो, मग सेकंदाला हजारो तुकडे करून पलीकडं देतो. तुकडं बारीक, म्हणून आतला ट्रान्सफॉर्मर बारीक, म्हणून डबा हलका. अन् अलीकडची तार पलीकडच्या तारंला कुटं शिवत न्हाय बघ. मधी नुसतं चुंबकाचं काम." दोनशेतीस व्होल्ट आत, एकोणीस बाहेर.

एकदा मी घासाघीस करून स्वस्त अ‍ॅडॅप्टरची खेप उचलली. माल हातात तोलून घ्यायची माझी सवय. जड लागले, म्हणजे दणकट. दाजींनी भरल्या दुकानात त्यातला एक चिरला. आत वजनासाठी चिकटवलेला लोखंडाचा तुकडा निघाला.

"शेठ, वजनावर घ्यायला ही काय ज्वारी हाय व्हय?"

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. "आत बोलावून सांगायला काय झालं होतं?"

"त्यो गिऱ्हाईक मानूस त्यातलाच एक घिऊन प्लग लावाय निघाला हुता की. अन् आत दोन बाजूंच्या मधी धड आडोसा न्हाय, भिंतीतली वीज सरळ हातात आली असती."

उद्यापासून येऊ नका म्हटलं. ते आले नाहीत. मालाबाबत ते बरोबरच होते, मी खेप परत केली. पण चारचौघांत हसू करायचं कारण नव्हतं, हे मी आजही म्हणतो. त्यांनी त्यावर एक शब्द बोलावा, एवढंच हवं होतं. सणाला बहिणीकडे गेलो की ते पेपरात डोकं घालून बसत. आता तो शब्द यायचा नाही.

परवा बहिणीनं त्यांचा लॅपटॉप आवरून ठेवायला बोलावलं. खिडकीपाशी त्यांचं टेबल तसंच, लॅपटॉपला अ‍ॅडॅप्टर लावलेला.

"माझ्याबद्दल कधी काही बोलले?" मी विचारलं.

"न्हाय. तू तरी कधी इचारलंस?"

मी लॅपटॉपची पिन काढली, भिंतीतला प्लग ओढला आणि वायर गुंडाळायला गेलो.

"थांब की. त्यो दिवा इझू दे."

अ‍ॅडॅप्टरवरचा हिरवा दिवा अजून जळत होता. दाजी असेच थांबायचे. आत साठलेली वीज उतरेपर्यंत डबा उघडायचे नाहीत. डबा बंद असला की तशी भीती नसते. तरी मी हात मागे घेतला. दोघंही बघत उभे राहिलो... दिवा मंद होत विझला.

"आता घे," ती म्हणाली.

मला तो इतक्यात विझायला नको होता. मी प्लग पुन्हा भिंतीत लावला.